डिस्प्यूट : एका शब्दाची झडती

गेटवर, कँटीनमध्ये, शिफ्ट सुटताना एक शब्द सारखा कानावर येतो : डिस्प्यूट. ‘बोनसचा डिस्प्यूट पडलाय.’ ‘त्याचं मॅटर डिस्प्यूटमधी आहे.’ चौथी शिकलेला हेल्परही तो बिनचूक वापरतो. मराठी पंडित भाषांतराला बसले की मात्र घोळ होतो.

1947 च्या कायद्याला वर्तमानपत्रं ‘औद्योगिक कलह कायदा’ म्हणत आली. कलह कुठं असतो? घरात. सासू-सुनेचा, भावाभावाचा. हा शब्द आला की कारखान्याचं घर होतं, मालक बाप होतो नि कामगार वाया गेलेलं पोरगं. मग साहेब ‘आपण सगळे एक फॅमिली’ म्हणतो, आणि फॅमिलीत ओव्हरटाइमचा हिशेब विचारणं पाप ठरतं. सरकारी मराठीत ‘विवाद’ आहे. तो बरा, पण त्याला पाठशाळेचा वास येतो. शास्त्री विवादात हरला तरी त्याची चूल पेटते. आमची विझते.

कायद्याची मूळ व्याख्या वाचा. मालक-मालक, मालक-कामगार किंवा कामगार-कामगार यांच्यातला, नोकरीबद्दलचा किंवा कामाच्या अटींबद्दलचा ‘डिस्प्यूट ऑर डिफरन्स’. नुसता मतभेदही चालतो, दगड उचलावा लागत नाही. पण दोन बाजू लागतात. तक्रार खालून वर जाते, हात जोडून, आणि साहेब ती ड्रॉवरमध्ये टाकू शकतो. डिस्प्यूटमध्ये तो स्वतःच एक बाजू असतो, त्याला उत्तर द्यावं लागतं. दोस्तहो, गावगाड्यानं आपल्या बापजाद्यांना कधी बाजू मानलंच नाही. पाटलाचं पाटलाशी बांधावरून बिनसलं तर तो वाद. महारानं मेलेलं ढोर ओढायला नकार दिला तर तो माज.

म्हणून या इंग्रजी शब्दाला मी मान देतो. पण त्याच्या पाया पडत नाही, कारण त्याचीही खोट आहे. 1965 साली कायद्यात कलम 2-अ घातलं गेलं. तोवर एकट्या माणसाला कामावरून काढलं, तर युनियननं किंवा बऱ्याचशा कामगारांनी त्याचा प्रश्न उचलल्याशिवाय त्याचा औद्योगिक डिस्प्यूट होत नव्हता. एकट्याचं ‘नाही’ मोजलंच जात नव्हतं. आणि ज्याचा प्रश्न उचलायला सोबतीच तयार नाहीत, त्यानं काय करायचं? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि सवर्ण कामगाराला तो बाट चालत नव्हता. हा कामगार-कामगारांतलाच मतभेद, पण मागण्यांच्या यादीत त्याला जागा नव्हती. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी तो पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला.

दुसरी खोट 1938 ची. मुंबई सरकारनं आणलेल्या बिलाच्या नावातच ‘इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स’ होतं. आत काय होतं? समेटाच्या पायऱ्या चढल्याशिवाय संप केला तर गुन्हा. बाबासाहेबांनी विधानसभेत विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्याच हक्काचं दुसरं नाव, असं त्यांचं म्हणणं. 7 नोव्हेंबर 1938 ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून संप केला. आज 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिच्यातही डिस्प्यूट आहे, आणि कुठल्याही कारखान्यात संपाआधी नोटीस देऊन 14 दिवस थांबायची सक्ती आहे. शब्द तोच, पण कात्री कुणाच्या हातात आहे ते बघायचं.

आमच्या तळेगावातच बघा. जनरल मोटर्सनं डिसेंबर 2020 मध्ये इथलं उत्पादन थांबवलं. युनियन कोर्टात गेली. 2024 साली कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला. तिथल्या कायम कामगारांनी काय मिळवलं, काय गमावलं, हा वेगळा लेख होईल. पण ते एक बाजू होते, कागदावर त्यांचं नाव होतं. या पट्ट्यात झाडू, कँटीन, लोडिंग कंत्राटात असतं, आणि तिथं आपली माणसं आहेत. त्यांनी ‘नाही’ म्हटलं की कंपनी म्हणते, ठेकेदाराला विचार. ठेकेदार म्हणतो, गेटपास दे, उद्या येऊ नको. हे आजचं विणकाम खातं. आणि कायम कामगारांच्या युनियनमधला आपला जयभीमवाला दोस्तही तिथं मान खाली घालून जातो, हे लिहायला मला संकोच नाही.

कंत्राटी कामगारालाही डिस्प्यूट उभा करता येतो. तेव्हा कार्यकर्त्यांनी वस्तीत जाऊन आधी हा शब्द शिकवावा. अर्जावर ‘विनंती’ खोडून ‘डिस्प्यूट’ लिहावं, खाली दहा सह्या घ्याव्यात, एक प्रत कामगार आयुक्ताच्या ऑफिसात देऊन पोच घ्यावी. ‘शिका, संघटित व्हा’ याचा आपल्या पट्ट्यातला पहिला धडा मला तरी हाच वाटतो. कलह त्यांच्या घरात राहू द्या.