सुरेन्द्र प्रताप सिंह यांची वृत्तभाषा

‘रविवार’ साप्ताहिकाचे संपादक सुरेन्द्र प्रताप सिंह १९९५ साली दूरदर्शनच्या पडद्यावर आले. त्यांच्या हिंदीस सर्रास ‘बोलचालीची’ म्हटले जाते. हे वर्णन अपुरे आहे. ‘आज तक’ या वीस मिनिटांच्या वार्तापत्राचा समारोप ते ‘ये थीं ख़बरें आज तक, इंतज़ार कीजिए कल तक’ असा करीत. येथे पहिला ‘तक’ सरलेल्या काळाची मर्यादा सांगतो, दुसरा प्रतीक्षेची. हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. अर्थनिश्चिती क्रियापदच करते. (मराठीत ही खुबी उतरणे नाही!) सरकारी संस्कृतप्रचुर हिंदीहून ही भाषा सोपी खरी, परंतु सैल खचित नव्हे, तीमागे संपादकाची लेखणी आहे. जून १९९७ मध्ये ते निवर्तले. ‘आज तक’ची अखंड वाहिनी झाली ती डिसेंबर २००० मध्ये, तिच्या भाषेचे गुणदोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.