जॉबरचे काम आता कोण करते?

मराठीतील कामगार-साहित्याची चर्चा आपण बहुधा संप, उपासमार आणि परिवर्तनाची आशा या तीन गोष्टींभोवती करतो. हे साहित्य सलग वाचताना मला त्यात चौथी गोष्ट अधिक ठळकपणे दिसते, ती म्हणजे पाणउतारा. कामगार पगारासाठी भांडतो हे खरेच. पण तो आतून खचतो किंवा पेटतो, तो बहुतेकदा मिळालेल्या वागणुकीमुळे. हा पाणउतारा करतो कोण, या प्रश्नाला आपल्या लेखकांनी त्या त्या काळात धीटपणे उत्तर दिले. आजच्या कामगाराबाबत मात्र ते उत्तर आपण टाळतो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

मुंबईच्या गिरण्यांच्या पूर्वार्धात हे उत्तर सोपे होते: जॉबर. मालक कामगाराला क्वचितच दिसे. कामावर घेणे, काढून टाकणे, रजा देणे हे सारे जॉबरच्या हाती असे, आणि त्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. 1931 च्या रॉयल कमिशनच्या अहवालानेही या लाचखोरीची दखल घेतली आहे. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. नाव पुकारले तर काम, नाही तर घरचा रस्ता. जॉबर अन्यायी होता, पण त्याला चेहरा होता. कित्येकदा तो कामगाराच्याच गावाकडचा असे. त्याच्याशी भांडता येई.

मामा वरेरकरांच्या गिरणगावावरील कादंबरीचे नाव ‘धावता धोटा’ (1933). धोटा म्हणजे मागावर आडवे सूत घेऊन धावणारे साधन. कामगारांच्या अखंड कष्टांचे प्रतीक म्हणून हे नाव आपण सहज स्वीकारतो. पण त्या काळच्या धोट्यात सूत ओवताना विणकराला छिद्राला ओठ लावून ते ओढून घ्यावे लागे. हेच कारण पुढे करून सवर्ण विणकर अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. आणि चांगली मजुरी तर त्याच खात्यात होती. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला. कामगारांच्या एकजुटीचे प्रतीक ठरावे असे साधनच त्यांच्यातली सीमारेषा होते. धोट्याच्या प्रतीकाकडे पाहताना आपल्या समीक्षेने ही बाजूही ध्यानात घ्यायला हवी.

ती बाजू कथेत आणली बाबूराव बागुलांनी. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या कथेत रेल्वेत नोकरी लागलेला नायक जात लपवून राहतो. ती उघड झाल्यावर त्याच्यावर तुटून पडतात ते कोणी साहेब नव्हेत. त्याच्यासोबत वावरणारी कामकरी माणसेच. ‘शोषक वर, शोषित खाली’ ही सोपी मांडणी बागुल मोडून काढतात. पाणउतारा करणारा शेजारीच उभा असू शकतो, हे त्यांनी सांगितले.

नारायण सुर्व्यांनी दुसरी दिशा घेतली. गिरणीत आणि शाळेत शिपाई म्हणून राबलेला हा कवी ‘माझे विद्यापीठ’मध्ये (1966) कामगाराला दयेचा विषय होऊ देत नाही, बोलणारा ‘मी’ म्हणून उभा करतो. अपमानाला उत्तर म्हणून आलेला हा स्वाभिमान आहे. मात्र त्याच्या पाठीशी गिरणी, युनियन आणि वस्ती होती, हे विसरता येत नाही.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर तो आधार ढासळला. जयंत पवारांचे ‘अधांतर’ त्या ढासळण्याचे नाटक आहे. तिथे अपमान करायला जॉबर लागत नाही. काम नसणे पुरेसे असते, आणि घरातली माणसे तो एकमेकांवर उतरवत राहतात. नाटकाचे मोठेपण निर्विवाद आहे. पण त्यानंतर आपल्या वाचकवर्गाने कामगार म्हणजे गेलेला माणूस असे जणू ठरवून टाकले. गिरणगाव हा हळहळण्याचा विषय झाला. स्वतः पवार तिथे थांबले नाहीत. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या शीर्षकातच गिरणीच्या जागी काय उभे राहिले, याची खूण आहे.

जे उभे राहिले, तिथेही कामगार आहेतच: कंत्राटी सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन धावणारी मुले. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात 2020-21 मध्ये असे 77 लाख गिग कामगार होते आणि 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील असा अंदाज आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचे कामगार अशी केली. कंपनी त्यांना ‘पार्टनर’ म्हणते. भागीदाराने तक्रार करायची कोणाकडे? बदली कामगार गिरणीच्या दारात थांबे. हा हॉटेलच्या दारात, मोबाइलकडे पाहत थांबतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. याचा रविवार मात्र गिऱ्हाइकांच्या गर्दीचा.

मग याचा जॉबर कोण? ॲप, असे उत्तर पटकन येते, पण ते अर्धेच आहे. ॲपने जॉबरच्या अधिकाराचा एक भाग गिऱ्हाइकाला वाटून दिला आहे. पाचपैकी किती तारे द्यायचे हे आपण सोफ्यावर बसून ठरवतो. रेटिंग घसरले किंवा तक्रार गेली, की त्याची आयडी ब्लॉक होण्याची टांगती तलवार. कित्येक सोसायट्यांत त्याने रहिवाशांची लिफ्ट वापरायची नाही असा नियम असतो, आणि तो रहिवाशांच्याच सभेत झालेला असतो. धोट्याला कोणी ओठ लावायचे, या वादाशी त्याचे नाते ओळखायला फार संशोधन लागत नाही.

मराठी लेखक-वाचक आजवर कामगाराच्या बाजूने उभा राहू शकला, कारण जॉबर दुसराच कोणी होता. आज तो जॉबर आपल्या घरात आहे. या कामगाराच्या संतापाविषयी मराठीत जितके यायला हवे तितके येत नाही, त्याचे मोठे कारण मला इथे दिसते. हा नवा कामगार स्वतः लिहील तेव्हा लिहील. त्याला तेवढी फुरसत मिळायला हवी. तोवर आपल्यापैकी कोणीतरी दार उघडून पार्सल घेणाऱ्याच्या तोंडून, प्रथमपुरुषी, ही कथा लिहावी. सहानुभूतीची कथा लिहिण्यापेक्षा ती अवघड जाईल, आणि म्हणूनच ती लिहिली जायला हवी.