रंगसंस्काराचे साधन आणि संकलनाचे कार्य

रंगसंस्कारासाठी घडविलेल्या सॉफ्टवेअरकडून संकलनाचे काम घेता येईल काय, हा प्रश्न वरकरणी केवळ यंत्रज्ञांचा वाटतो. बोलींचे क्षेत्रीय चित्रीकरण करणाऱ्या अभ्यासकांपुढे मात्र तो आता नित्य उभा राहतो. त्याला 'होय' असे उत्तर देणे आज सोपे झाले आहे. परंतु ज्या कारणांसाठी ते दिले जाते, ती कारणे बहुधा अपुरी असतात. कापणे, जोडणे, ध्वनी बसविणे अशा सोयींची यादी पुढे केली जाते, आणि यादी लांब असली की वाद मिटला असे समजले जाते. सोयींच्या यादीवरून साधनाची पात्रता ठरविणे म्हणजे शब्दसंग्रहावरून व्याकरण ठरविण्यासारखे आहे.

या प्रश्नाचे प्रमुख उदाहरण म्हणजे 'दा विंची रिझॉल्व्ह'. मूळच्या अमेरिकन कंपनीकडून ते २००९ साली ऑस्ट्रेलियातील 'ब्लॅकमॅजिक डिझाइन'कडे आले. तोवर काही लाख डॉलर किमतीच्या यंत्रसंचासह ते मोजक्या रंगशाळांतच वापरले जाई. २०१० मध्ये नुसते सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला विकले जाऊ लागले, आणि २०११ मध्ये त्याची विनामूल्य आवृत्तीही निघाली. संकलनाची साधने त्यात पुढे क्रमाने आली. २०१५ च्या बाराव्या आवृत्तीपर्यंत ते संकलनाचे स्वतंत्र साधन म्हणून पुढे मांडले जात होते. २०१७ मध्ये ध्वनीचा व २०१८ मध्ये दृश्यपरिणामांचा विभाग त्यास जोडला गेला. उलट दिशेची वाटचालही ध्यानात घ्यावी. 'अॅडोबी'ने २०११ साली 'स्पीडग्रेड' हे रंगसंस्काराचे साधन मिळविले, पण २०१५ मध्ये तीच कामे 'प्रीमिअर'च्या पोटात आणली आणि २०१७ मध्ये 'स्पीडग्रेड' बंद केले. तेव्हा ही दोन कामे दोन यंत्रांवर होत, याचे कारण बऱ्याच अंशी यंत्रांच्या किमतीत होते, असे मानण्यास जागा आहे.

ती दोन ठिकाणी होत असताना मध्ये एक भाषांतर करावे लागे. संकलकाचे निर्णय यादीच्या रूपाने रंगशाळेत जात. 'सीएमएक्स ३६००' ही तशा यादीची फार प्रसिद्ध पद्धती. तिच्यात रिळाचे नाव आणि आरंभ-अंताच्या कालखुणा येत. चित्राचा थर मात्र एकच. वर ठेवलेली दुसरी प्रतिमा, चौकटीचा बदललेला आकार, वेगातील चढउतार यांपैकी बरेचसे वाटेत गळत असे आणि रंगशाळेत पुन्हा जुळवून घ्यावे लागे. एकाच साधनात दोन्ही कामे झाली की हे भाषांतरच उरत नाही. आमच्या मते 'होय' या उत्तराचे खरे बळ येथे आहे.

परंतु मूळ स्वभाव सहजी जात नाही. रंगकारासमोर चित्रपट बव्हंशी जुळलेल्या अवस्थेत येतो. संकलकासमोर तो अद्याप अस्तित्वातच नसतो. (मराठीतील 'संकलन' हा शब्द येथे थोडा फसवा आहे, एकत्र करण्यापेक्षा टाकून देण्यातच संकलकाचा अधिक काळ जातो.) एकच शॉट तीन तुकड्यांत तीन ठिकाणी वापरला, तर त्यावरील रंगसंस्कार कोणाचा? मूळ शॉटचा, की त्या-त्या ठिकाणच्या तुकड्याचा? 'रिझॉल्व्ह'मध्ये या दोहोंसाठी निराळी सोय आहे: एक संस्कार मूळ शॉटला चिकटून सर्वत्र दिसतो, दुसरा त्या तुकड्यापुरता राहतो. व्याकरणाच्या अभ्यासकास यात शब्द आणि पद यांमधील भेद चटकन ओळखू येईल. संकलक शॉटकडे पद म्हणून, म्हणजे वाक्यातील स्थानासह, पाहतो. तसे पाहण्याची मुभा देणारे साधन संकलनास पात्र ठरते, आणि या कसोटीस हे सॉफ्टवेअर उतरते.

यावर एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. रंग हाताशी आला की संकलक अकाली सजावटीस लागतो. आणि घासूनपुसून लख्ख केलेला शॉट कापून टाकण्यास मग हात धजत नाही. 'पिक्चर लॉक' ही जुनी मर्यादा या मोहास परस्पर आवर घालीत असे, कारण तिच्यापलीकडची प्रत्येक दुरुस्ती पैसे खात असे. आता तो आवर बाहेरून मिळत नाही. २०१९ च्या सोळाव्या आवृत्तीत माध्यमसंग्रहापासून अंतिम निर्यातीपर्यंत सात स्वतंत्र पाने होती. म्हणजे कामांची विभागणी सॉफ्टवेअरनेही राखलीच, फक्त दारे उघडी ठेवली.

या उघड्या दारांचा लाभही मोठा आहे. सकाळच्या मुलाखतीतील एक उत्तर दुपारच्या भागास जोडायचे असेल, तर प्रकाश जुळत नाही म्हणून संकलक पुष्कळदा ते सोडून देतो. रंग जुळविता येईल की नाही हे तेथल्या तेथे पाहता आले, तर निवेदकाचे ते वाक्य वाचते. मोठ्या चित्रपटावर अनेक साहाय्यक एकाच वेळी काम करीत असतात; तेथे माध्यमांची व्यवस्था आणि रुळलेली कार्यपद्धती यांचे वजन अधिक, आणि जुनी संकलनसाधने तेथे आपले स्थान टिकवून आहेत. आपल्या अभ्यासकाचे काम एकट्याचे असते. त्यास विनामूल्य आवृत्तीची ३८४० गुणिले २१६० ही निर्यातमर्यादा पुरेशी आहे. अडचण आलीच तर ती विभागातील संगणकांच्या दुबळ्या ग्राफिक्स कार्डांची येईल.