मिटलेल्या स्वराची दाद

हार्प म्हणजे उभा केलेला पियानो, असे मी बरीच वर्षे मानत होतो. त्याला आधारही होता. हार्पची दुहेरी पेडलरचना (१८१०) आणि पियानोची जलद पुनरावृत्तीची यंत्रणा (१८२१), दोन्ही एरार यांच्याच कारखान्याची.

निकानोर साबालेता यांचे वादन ऐकून हे मत डळमळले. पियानोची कळ सोडताच मऊ नमदा तार थांबवतो. हार्पच्या ४७ तारा घुमत राहतात. करंगळ्या वगळून आठ बोटांनी वाजवता वाजवता वादकालाच त्या तळव्याने मिटवाव्या लागतात. साबालेता यांनी तर नाद थांबवण्यासाठी नेहमीच्या सातांवर आठवे पेडल वापरले.

हार्पच्या झुळझुळीला वाहवा सहज मिळते. पियानोचा रेखीवपणा मात्र वादकाने कमवायचा असतो. माझी दाद त्या वेळेवर मिटलेल्या स्वराला.