‘गेले?’: ड्रिलिंगबंदीत बुडालेल्या नोकऱ्यांच्या आकड्याचं काय करायचं

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘२०१० च्या ड्रिलिंगबंदीमुळे मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर आठ हजारांवर रोजगार गेले.’ गाईडनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘गेले?’

मला वाटलं, संदर्भ द्यायचा राहिला म्हणून असेल. संदर्भ जोडला, परत दिला. परत तोच शब्द. तिसऱ्या वेळी मी मूळ अहवाल उघडला आणि मग कान लाल झाले. अहवाल होता जुलै २०१० चा. बंदी उठली १२ ऑक्टोबर २०१० ला. म्हणजे आकडा ‘जातील’चा होता आणि मी त्याला भूतकाळात ढकलला होता. क्रियापदाचा काळ बदलला आणि अंदाजाचा पुरावा झाला!

तुम्हीही लवकरच लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसाल, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर सांगते.

२० एप्रिल २०१० ला लुइझियानाच्या किनाऱ्यापासून साधारण ६५ किलोमीटरवर ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले. मॅकोंडो विहिरीतून तेल ८७ दिवस वाहत राहिलं. किती तेल? सरकारी अंदाज ४९ लाख बॅरल, आणि पुढे दंडासाठी कोर्टाने धरलेला आकडा ३१.९ लाख बॅरल. (दोन्ही आकडे छापील स्वरूपात मिळतात. कुठला वापरला ते लिहा म्हणजे झालं.) मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने सहा महिने खोल समुद्रातलं नवं ड्रिलिंग थांबवलं. हे खातं म्हणजे आपलं गृहखातं नव्हे, ते जमीन आणि खनिजं बघतं. ३३ रिग थांबल्या. आधीच्या विहिरींतून तेल काढणं चालूच होतं, बंदी नव्या खोदाईवर होती. ‘ऑईल बंद केलं’ असं सरसकट लिहिणारे हा फरक हमखास विसरतात.

लुइझियानात संतापाची लाट आली. २१ जुलैला लाफायेत शहरात बंदीविरुद्ध सुमारे ११ हजार लोक जमले. हे सगळे ‘तेल कंपन्यांची माणसं’ होती असं समजू नका. त्याच राज्यातल्या मॉर्गन सिटीत दरवर्षी कोळंबी आणि पेट्रोलियम या दोन्हींच्या नावाने एकच उत्सव भरतो, मी थट्टा करत नाहीये. एक भाऊ ट्रॉलरवर, दुसरा रिगवर, अशी घरं तिथे असतात. ‘रोजगार विरुद्ध पर्यावरण’ ही आपली आवडती चौकट अशा घरात नेऊन ठेवली तर कुठल्या भावाला कुठल्या बाजूला बसवणार? तेलगळतीमुळे एका टप्प्यावर आखातातल्या संघराज्याच्या ताब्यातल्या पाण्यापैकी ३७ टक्के भागात मासेमारी बंद होती. म्हणजे ट्रॉलरवाल्याचा रोजगार पर्यावरण बिघडल्यामुळे गेला आणि रिगवाल्याचा धोक्यात आला तो पुढचा बिघाड टाळण्यासाठी.

आता माझ्या आकड्याकडे येऊ. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे जोसेफ मेसन यांनी तो काढला होता: आखाताच्या राज्यांत ८,१६९ रोजगार, देशभरात १२,०४६. अभ्यास अमेरिकन एनर्जी अलायन्स या ड्रिलिंगच्या बाजूच्या गटाने करवून घेतला होता. पैसा कुणाचा ते बघायला हवंच. पण तेवढ्यावरून अभ्यास फेकून देणं हा आळस झाला, पद्धत वाचायचे कष्ट वाचवायचा मार्ग. पद्धत अशी: रिग थांबली की एवढा खर्च थांबतो. त्या खर्चावर जेवण पुरवणारा, हेलिकॉप्टरवाला, सामानाची बोट चालवणारा आणि त्यांच्या गावचा न्हावी असे सगळे अवलंबून आहेत. मग एका डॉलरमागे किती रोजगार हे सांगणारा गुणक घ्यायचा आणि गुणाकार करायचा. गणित चुकत नाही, गृहीतक चुकतं. मागणी घटली की मालक लगेच, त्याच प्रमाणात माणसं कमी करतो, हे त्यात धरलेलं असतं. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्यांनी कर्मचारी ठेवून घेतले आणि तो वेळ दुरुस्ती-देखभालीला वापरला. अनुभवी ड्रिलर एकदा सोडला की परत मिळत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

इथे मी आणखी एक चूक केली होती, ती जास्त शहाणपणाची वाटली होती. सप्टेंबर २०१० मध्ये सरकारचाच आंतरखात्याचा अहवाल आला. त्याचा अंदाज: ८ ते १२ हजार रोजगार, तात्पुरते. मी म्हटलं, वा! बंदीचे विरोधक आणि बंदी घालणारे जवळपास एकाच आकड्यावर आले, म्हणजे आकडा पक्का. पण दोन्हीकडे वाट तीच होती, खर्च किती घटला इथून निघून रोजगार किती घटले इथे पोचणारी. एकाच फुटपट्टीने दोघांनी मोजलं तर फुटपट्टी बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. आणि सरकारने लिहिलेला ‘तात्पुरते’ हा शब्द मी चक्क गाळला होता.

मग २०१४ चा जोसेफ आल्डी यांचा पेपर वाचला. त्यांनी अंदाज बांधला नाही, घडून गेल्यावर मोजलं. मालकांनी नोंदवलेली जिल्हावार, महिनावार रोजगारसंख्या घेतली आणि झळ बसलेल्या जिल्ह्यांतला आधी-नंतरचा फरक इतर जिल्ह्यांतल्या फरकाशी ताडून बघितला. निष्कर्ष धक्कादायक आहे. लुइझियानाच्या किनारी भागात, त्यातही तेलावर जगणाऱ्या भागात, रोजगार आणि वेतन निव्वळ वाढलं. घट झाली ती फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावर, विशेषतः दक्षिणेकडे.

पेपर चांगला आहे, मी तो शिकवायलाही वापरीन. पण तो वाचून माझा पहिला मोह काय झाला सांगते: जुनं वाक्य खोडून ‘बंदीमुळे रोजगार गेले नाहीत’ असं लिहिण्याचा. तेही चूकच. आल्डी मोजतात ते सगळ्याचं मिळून निव्वळ फळ. त्यात गळती आहे, बंदी आहे आणि साफसफाईवर ओतलेला पैसाही आहे. ब्रिटिश पेट्रोलियमने कोळ्यांच्या बोटी भाड्याने घेतल्या, किनाऱ्यावर माणसं लावली. बंदीने काही रोजगार घेतले आणि साफसफाईने त्याहून जास्त दिले, अशी शक्यता या निष्कर्षात बसते. बंदीचा एकटीचा परिणाम वेगळा काढणं अशा डेटात फार अवघड आहे.

दुसरं, या नोंदीत स्वतःची बोट चालवणारा येतच नाही, कारण त्याला मालक नाही. ज्याचा धंदा सगळ्यात आधी बुडाला तोच तक्त्याबाहेर! शिवाय रोजगार मोजला जातो कामाच्या ठिकाणी, घराच्या नाही. दोन आठवडे समुद्रावर आणि दोन आठवडे घरी अशी पाळी करणारा कामगार दुसऱ्या राज्यातून येतो, त्याच्या गावात काय झालं ते लुइझियानाच्या आकड्यात दिसणार नाही. आणि तेलाचे गोळे उचलायची काही महिन्यांची नोकरी व रिगवरची नोकरी, डोकी मोजताना दोन्हींचं एक-एकच.

आल्डी ओबामांच्या कार्यकाळात व्हाइट हाउसमध्ये ऊर्जाविषयक सल्लागार होते. मेसनना लावला तो नियम इथेही लावा: नोंद घ्या, मग पद्धतीकडे चला.

सरकारी बाजूचा एक प्रकार मात्र मला आकड्यांपेक्षा जास्त लागला. बंदीची शिफारस करणाऱ्या २७ मे च्या अहवालाच्या सारांशात म्हटलं होतं की शिफारशी सात तज्ज्ञांनी तपासल्या आहेत. तज्ज्ञ म्हणाले, सुरक्षिततेच्या सूचना आम्ही बघितल्या, सहा महिन्यांची बंदी आम्हाला दाखवलीच नव्हती. २२ जूनला न्यायाधीश मार्टिन फेल्डमन यांनी बंदीला स्थगिती दिली, तेव्हा हा मुद्दा निकालात आला. खात्याला माफी मागावी लागली, आणि मग १२ जुलैला नव्या शब्दांत बंदी परत आणावी लागली. खात्याच्या महानिरीक्षकांनी नंतर नोंदवलं की व्हाइट हाउसमध्ये झालेल्या संपादनातून तो अर्थ तयार झाला. एका परिच्छेदाची जागा हलली, बस्स. मला स्वतःला ती बंदी योग्य वाटते. ११ माणसं गेलेली असताना आणि विहीर अजून वाहत असताना तीच यंत्रं दुसरीकडे चालू ठेवणं मला पटत नाही. म्हणूनच या प्रकाराचा राग जास्त येतो, कारण विरोधकांच्या हातात हे कोलीत आपल्याच बाजूने दिलं.

माझा विषय खरं तर मुंबई हाय आणि किनाऱ्यावरचे कोळी. तिथे ही पद्धत उचलून आणायचा बेत होता. पण प्रत्येक जिल्ह्याची महिनावार रोजगारसंख्या आपल्याकडे तशी मिळत नाही. आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाला, त्यावर बहुतेक कंत्राटी कामगार होते, देशाच्या कुठल्या-कुठल्या कोपऱ्यातून आलेले. ते कुठल्या जिल्ह्याच्या रकान्यात धरायचे?

सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: ‘बंदी चालू असताना केलेल्या अंदाजांनुसार आखाताच्या किनाऱ्यावर ८ ते १२ हजार रोजगार तात्पुरते जाण्याची शक्यता होती, नंतरच्या मोजणीत लुइझियानाच्या किनारी भागात निव्वळ वाढ दिसली, मात्र त्यात साफसफाईचा खर्च मिसळलेला आहे आणि स्वयंरोजगार करणारे मच्छीमार मोजलेले नाहीत.’ लांबलचक आहे, मान्य. गाईडनी या वेळी ‘मच्छीमार’ या शब्दाखाली रेघ ओढून समासात लिहिलंय, ‘मग यांना कोण मोजणार?’