‘जेव्हा माणूस जागा होतो’ : साक्षीचे मूल्य आणि तिची मर्यादा

गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हा ग्रंथ सामान्यतः वारल्यांच्या उठावाची हकीकत म्हणून वाचला जातो. १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिकही लाभले. प्रस्तुत टिपणात त्याकडे निराळ्या अंगाने पाहावयाचे आहे. संघर्षात स्त्रियांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध आज जगभर जो मानवी हक्कांचा पुरस्कार चालतो, त्याच्या दृष्टीने या ग्रंथाचे साक्षीमूल्य कोणते?

ते थोर आहे, यात संशय नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली पुरुष सावकाराचा लग्नगडी बने, आणि त्याच्यामागून त्याची बायकोही त्याच दारी बांधली जाई. तिच्या श्रमांवर मालकाचा जसा हक्क, तसाच तिच्या देहावरही तो मानला जाई. कायद्याच्या पदवीधर असलेल्या लेखिकेने हा व्यवहार एखाददुसऱ्या दुर्जनाचे दुष्कृत्य म्हणून न मांडता जमीनदारीच्या घडणीचा भाग म्हणून मांडला, हे तिचे खरे श्रेय होय. १९९८ च्या रोम संविधीने लैंगिक गुलामगिरीचा मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत समावेश केला आणि तेथे युद्ध चालू असण्याची अट घातली नाही. व्यापक अथवा पद्धतशीर हल्ल्याची मात्र घातली. भारत त्या संविधीचा पक्षकार नाही. तथापि ‘पद्धतशीर’ या शब्दाचा अर्थ समजून घेण्यास हा मराठी ग्रंथ पुष्कळ उपयोगी पडेल.

मर्यादा आहे ती मागणीच्या भाषेत. मे १९४५ मधील झरीच्या परिषदेनंतर वेठ बंद पडली, लग्नगडी मुक्त झाले. पुढे पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये ही मागणी आली. त्या लढ्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच आदिवासी मरण पावले. गवताचा दर आकड्यात सांगता येतो. स्त्रीच्या विटंबनेचा दर कोण सांगणार? ती वेठीच्या प्रश्नात सामावली गेली, आणि वेठ संपताच तीही संपली असे गृहीत धरले गेले. तिची स्वतंत्र फिर्याद, अपराध्यास शिक्षा, तिची भरपाई यांचा विचार मागेच राहिला. वर्गलढ्याच्या चौकटीतून हे अटळ होते, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. ज्या लेखणीने दुःख ओळखले, तिने त्यास नावही द्यावयास हवे होते.

जव्हारचा प्रश्न आणखी बिकट आहे. सिमिंग्टन यांच्या १९३० च्या दशकाअखेरीच्या सरकारी अहवालात कुळांच्या स्त्रियांवरील जमीनदारांच्या अत्याचारांची नोंद आहे. परंतु तो मुंबई प्रांतातील अंशतः वर्जित प्रदेशांपुरता होता. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान. तेव्हा डहाणूच्या स्त्रीचे गाऱ्हाणे निदान सरकारी कागदावर चढू शकले. जामसरच्या स्त्रीस तोही कागद नव्हता.