चोर आधी ठरतो
मांडवगण फराट्यात आमच्या ओसरीवर दुपारभर राजा-प्रधान-चोर-शिपाई चालायचा. चार चिठ्ठ्या. राजाला १०००, प्रधानाला ८००, शिपायाला ५००, चोराला शून्य. शिपायाने चोर ओळखायचा. चुकला तर त्याचे ५०० चोराला. पुरावा कसलाच नाही, नुसते चेहरे. पालावरचा एक पारध्याचा पोरगा खेळायला यायचा. शिपायाचं बोट बहुतेक वेळा त्याच्याकडेच वळायचं. माझंही.

पुढे पुण्यात ‘स्कॉटलंड यार्ड’ खेळलो. १९८३ सालचा हा जर्मन खेळ. पटावर लंडनचा नकाशा, १९९ थांबे. मिस्टर एक्स लपून फिरतो. पण टॅक्सी, बस की भुयारी रेल्वे, हे त्याच्या तिकिटावरून कळतं आणि ठरावीक खेळींना त्याला समोर यावंच लागतं. गुप्तहेरांनी आपसात बोलून, तिकिटांवरून माग काढत त्याला घेरायचं. संशयाला इथे हिशोब द्यावा लागतो. म्हणून हा खेळ मला थोर वाटतो.

तरी एक खोट दोन्हीकडे आहेच. मिस्टर एक्सने केलं काय, हे खेळताना कुणी विचारत नाही. चोर आधी ठरतो, शोध नंतर. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच केलं. पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. १९५२मध्ये कायदा गेला. आमच्या ओसरीवरचं बोट त्यानंतरचं आहे.

आता मुलांबरोबर चिठ्ठ्या खेळताना मी एक नियम वाढवलाय: बोट दाखवणाऱ्याने कारण सांगायचं. खेळ रेंगाळतो. रेंगाळू दे.